वाटसरूचे देणे

हौसेने गाळलेला घाम आणि पोटासाठी गाळलेला घाम यांतला भेद शरीराला कळत नाही. दोन्ही वेळी काळीज तितक्याच वेगाने धडधडते, घसा तितकाच कोरडा पडतो, पोटऱ्या तितक्याच ठणकतात. भेद कळतो तो मनाला. आणि तोही मनाने कळून घ्यायचे ठरवले तरच. गेली काही वर्षे आपल्या धर्मग्रामांतील तरुणांमध्ये सायकलवरून दूरच्या सफरी करण्याची आवड वाढली आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पूर्वी क्रिकेटच्या गप्पा रंगत, तेथे आता गिअरच्या आणि घाटांच्या गप्पा ऐकू येतात. ही आवड निरोगी आहे आणि तिच्याविरुद्ध तक्रार मांडण्याचा या लेखाचा हेतू नाही. मात्र अशाच एका सफरीत एका तरुण सोबत्याने सहज उच्चारलेले एक वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्या वाक्याच्या पोटात दडलेला नैतिक प्रश्न जमेल तितका उलगडून पाहावा, म्हणून हा प्रपंच.

भातकापणी चाललेल्या एका शेताकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, आज आपण आणि ती माणसं सारखीच. तीही उन्हात राबतायत, आपणही."

तो हे चांगल्या मनाने बोलला. गाडीच्या थंडगार काचेआडून शेतकऱ्याकडे पाहणाऱ्या माणसापेक्षा आपण त्याच्या अधिक जवळ आलो आहोत, असे त्याला वाटले आणि ते काही अगदीच खोटे नव्हते. तरीही प्रश्न उरतोच. स्वतः निवडलेले कष्ट माणसाला, ज्याच्या वाट्याला कष्ट आलेले आहेत त्याचा भाऊ करतात काय? आणि करत नसतील, तर दुसऱ्याच्या श्रमाने देखण्या झालेल्या प्रदेशातून जाणारा वाटसरू त्या प्रदेशाचे काय देणे लागतो?

आमची सफर अलिबागहून श्रीवर्धनपर्यंतची होती. अंतर नव्वदेक किलोमीटर, मध्ये आगरदांडा ते दिघी हा खाडीचा टप्पा फेरीबोटीने. आम्ही तिघे, दोघे पंचविशीच्या आतले, तिसरा मी. दिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला, दिवाळी नुकती उलटलेली. नागाव, चौल, रेवदंडा हा पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा. तेथे सकाळचे ऊन रस्त्यावर पोहोचेपर्यंत आठ वाजतात. रेवदंड्यापुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल चढलो आणि एकाएकी आकाश मोठे झाले. खाली खाजण, खाजणाला लागून बांध आणि बांधाच्या आत पिकलेल्या भाताची खाचरे. कुठे कापणी चाललेली, कुठे भारे बांधून पडलेले, कुठे उडव्या रचलेल्या. बगळे इतके, की जणू कोणी मूठभर फुले उधळली आहेत. आम्ही थांबलो आणि तिघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला: निसर्ग!

आपण हा शब्द फार सैलपणे वापरतो. जे आम्ही पाहत होतो त्यात निसर्ग होता, पण अर्धामुर्धाच. खारजमीन म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. बाहेरकाठा, म्हणजे समुद्राच्या अंगाचा मातीचा बांध, माणसांनी घातलेला असतो. त्याला उघाडी ठेवलेली असते. ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाते आणि भरतीचे खारे पाणी आत येत नाही. एखाद्या उधाणाला हा बांध फुटला की पिकते शेत खाऱ्या पाण्याखाली जाते, आणि माती पुन्हा गोडी होण्यास काही पावसाळे जावे लागतात. या बांधांचे महत्त्व इतके, की १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने तो नव्याने केला. म्हणजे डोळ्यांना जी सहज पसरलेली हिरवी-पिवळी समता दिसते, ती चिखलात कंबरेपर्यंत उभे राहून टोपल्यांनी माती वाहणाऱ्या माणसांची करणी आहे. समुद्राने ती कधीच मान्य केलेली नाही.

आणि करणी कोणाची, मालकी कोणाची, हाही एक इतिहासच आहे. आमच्या मार्गावर नव्हते, परंतु अलिबागच्या ईशान्येस थोड्याच अंतरावर चरी नावाचे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. सहा पावसाळे आले आणि गेले, आणि ज्या हातांना दुसरे काही येत नव्हते त्या हातांनी नांगर धरला नाही. लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी धरून त्यांनी दिवस काढले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. त्या सहा वर्षांत कोणी वाटसरू या भागातून गेला असता, तर त्याला पडीक राहिलेली, गवत माजलेली खाचरे दिसली असती. कदाचित तीही त्याला रम्य वाटली असती. उपास आणि विसावा हे दोन्ही दुरून सारखेच शांत दिसतात.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये, की शेताचे सौंदर्य पाहणे हा अपराध आहे. तसे मानणारा एक कडवट वर्ग आहे, आणि त्याच्याशी माझे जमत नाही. शेतात राबणाऱ्यालाही आपले शेत देखणे वाटते. पिकलेल्या भातावरून वारा गेला की तोही क्षणभर विळा थांबवतो. आक्षेप सौंदर्याला नाही. ज्याच्या हातून ते निर्माण झाले त्याला चित्रातून वगळून ते आपले म्हणण्याला आहे.

पूल उतरल्यावर काही अंतरावर कोर्लई लागते. आपल्यापैकी अनेकांना हे नाव ठाऊक असेल. टेकडीवरचा किल्ला, पायथ्याशी कोळीवाडा, आणि माउंट कार्मेल मातेचे चर्च असलेली आपल्या बांधवांची वस्ती. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल सोडले, पण चौलच्या कोटात रुजलेली एक बोली मात्र या गावात राहिली. पोर्तुगीज शब्दांची आणि मराठी वळणाची ही बोली घरात अजून बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात आणि त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. ही भाषा जतन करणारी माणसे कोण, तर भातशेती करणारी आणि मजुरीला जाणारी.

तेथे एका अंगणात एक म्हातारी बाई भात पसरत होती. अवेळी पावसाने कापलेले पीक शेतातच भिजले होते आणि ते आता घरी आणून वाळवणे चालले होते. आम्ही वसईकडचे, आणि आपल्यातले, हे कळताच तिने कोणते धर्मग्राम, कोणाचे कोण, अशी चौकशी केली आणि चहा टाकला. चहा घेताना मला एक गोष्ट दिसली. तिच्याकडे कामाला आलेल्या दोन बाया सुपे खाली ठेवून बसून राहिल्या होत्या. मजुरी दिवसाची. ढग पुन्हा जमू लागलेले. आमच्या पाहुणचारासाठी त्या घराने मोजलेली किंमत चहा-साखरेची नव्हती. उन्हाच्या पाऊण तासाची होती, आणि त्या दिवशी त्या अंगणात उन्हापेक्षा महाग दुसरे काही नव्हते. बाई आमच्याशी मराठीत बोलत होती. मध्येच घरात कोणाला तरी तिने आपल्या बोलीत काही सांगितले. काय सांगितले ते आम्हाला कळले नाही. आपलेपणा होता, आणि त्या आपलेपणाची हद्दही तेथेच होती. चहा संपताच आम्ही उठलो. माझ्या सोबत्यांना आणखी बसायचे होते. किल्ल्याच्या गोष्टी ऐकायच्या होत्या.

थांबणे नेहमीच भले असते असे नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येईल.

काशीदपासून मुरूडपर्यंतच्या रस्त्याविषयी सांगण्यासारखे विशेष नाही. काशीदला गर्दी, नांदगावला पुन्हा वाड्या, मुरूडला जेवण. जंजिऱ्याकडे पाहत आगरदांड्याला फेरीबोट गाठली. दिघीला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. तेथून रस्ता चढ-उताराचा आहे, आणि त्या वेळचे ऊन नोव्हेंबरातही बोचरे होते.

एका फाट्यावर आंब्याच्या सावलीत एक कातकरी कुटुंब बसले होते. नवरा-बायको, एक म्हातारा, तीन मुले. शेजारी पातेली बांधलेले बोचके, गुंडाळलेली गोधडी, टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या. ट्रकची वाट पाहणे चालले होते. दिवाळी झाली, कापणीची मजुरी सरत आली, की रायगड-ठाण्यातील कातकरी मोठ्या संख्येने वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे वर्षानुवर्षांचे रहाटगाडगे आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांचे हे नाव. जंगल हातून गेले, काताचा धंदा गेला, नाव तेवढे राहिले. भट्टीचा मालक पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो आणि ती फेडण्यासाठी अख्खे कुटुंब जाते. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच बंद झाली. वसईच्या परिसरातून उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून या प्रश्नावर जे काम केले, ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण उचल आणि तिच्यात गुंतलेला हंगाम हे नाते संपलेले नाही.

आम्ही पाणी प्यायला तेथेच थांबलो. त्या बाईने आमच्या सायकलींना लटकवलेल्या पिशव्यांकडे पाहिले आणि मला विचारले,

"कुठं चाललास, बाबा?"

"श्रीवर्धनला."

"कामाला?"

"नाही. असंच. सायकल चालवायला."

"काम नाही?" तिने खात्री करून घेतली. "मग कशाला?"

आणि ती हसली. हसण्यात टोमणा नव्हता. नवऱ्याकडे वळून तिने ते पुन्हा सांगितले आणि तोही हसला. मुलेही हसली. आम्ही मुलांना बिस्किटे दिली, त्यांनी खाल्ली. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तिचा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात, दोन बिऱ्हाडे सामान बांधून निघाली होती. ओझे तिचे अधिक होते, पण मुद्दा ओझ्याचा नाही. कित्येक सायकलस्वार तिच्याहून अधिक शारीरिक ताण सोसतात आणि अभिमानाने सोसतात. मुद्दा हा, की आमच्या कष्टांना दार होते. पाय दुखले तर आम्ही थांबू शकत होतो. फारच झाले तर सायकली टेम्पोत टाकून संध्याकाळी घरी पोहोचू शकत होतो. आमच्या दमण्याला शेवट होता आणि तो शेवट आमच्या हाती होता. तिच्या दमण्याचा शेवट दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला होता. हौसेचे कष्ट आणि सक्तीचे कष्ट यांतला फरक वजनाचा नाही, वेदनेचाही नाही. तो हे दार असण्या-नसण्याचा आहे. त्यामुळेच, त्यांच्याइतकाच घाम गाळला म्हणून आपण त्यांच्यासारखे झालो, हे म्हणणे खरे ठरत नाही.

सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वचिंतक स्त्रीचे नाव येथे आठवते. शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारी ही तरुणी नोकरीतून रजा घेऊन डिसेंबर १९३४ ते ऑगस्ट १९३५ या काळात पॅरिसच्या कारखान्यांत साधी कामगार म्हणून राबली. पुढे १९४१ साली द्राक्षांच्या तोडणीलाही गेली. प्रकृती नाजूक, डोकेदुखी जन्माची सोबतीण. तरीही तिने यंत्रापुढे उभे राहणे सोडले नाही. तिच्याविषयी मला आदर वाटतो तो एका विशिष्ट कारणासाठी. मी आता कामगार झाले, असा दावा मिरवण्यासाठी ती तेथे गेली नव्हती. तो अनुभव तिला स्वतःच्या शरीरावर तपासायचा होता. तिच्याही कष्टांना दार होतेच. त्या दाराचा तिला विसर पडला नाही, एवढे तिचे लिखाण वाचताना जाणवते.

हे सारे मी चढावर धापा टाकत सोबत्यांना सांगत होतो असे नव्हे. दिवेआगरच्या अलीकडे एका टपरीवर लिंबूपाणी पिताना विषय निघाला. धाकटा चिडलाच. "मग सर, आपण घरीच बसायचं का? गाडीतून गेलं तर आंधळे, सायकलवरून गेलं तर ढोंगी!"

त्याचे चिडणे रास्त होते, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे.

सायकलीचा नैतिक गुण घामात नाही, तो वेगात आहे. इव्हान इलिच हे एके काळचे कॅथलिक धर्मगुरू; १९२६ साली व्हिएन्नात जन्मले, न्यू यॉर्कच्या गरीब पोर्टो रिकन वस्तीत त्यांनी काम केले आणि पुढे मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथून साऱ्या आधुनिक संस्थांना त्यांनी अवघड प्रश्न विचारले. १९७८ साली ते आपल्या सेवाग्रामलाही येऊन गेले आणि बापूंच्या कुटीविषयी बोलले. १९७३ साली त्यांनी ऊर्जा आणि न्याय यांच्या संबंधावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी एक मजेशीर हिशेब मांडला. त्या काळचा अमेरिकन पुरुष मोटारीत बसण्यात, मोटारीसाठी पैसे कमावण्यात आणि तिच्या पायी येणाऱ्या इतर उपद्व्यापांत वर्षाला सोळाशे तास घालवतो आणि त्या बदल्यात सुमारे बारा हजार किलोमीटर जातो. भागाकार करा: ताशी आठ किलोमीटरही भरत नाही. उलट सायकलस्वार पायी चालणाऱ्याच्या तीन-चार पट वेगाने जातो आणि ऊर्जा मात्र त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच खर्चतो. इलिच यांचे म्हणणे असे, की एका मर्यादेपलीकडचा वेग हा दुसऱ्या कोणाच्या तरी वेळातून कापून घेतलेला असतो. वेगवान माणसासाठी रस्ता रुंद होतो आणि त्या रस्त्याकडेला राहणाऱ्याला पलीकडच्या शेतात जायला वळसा पडतो. आपल्या भागात महामार्गांनी दुभागलेली शेते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा दाखला शोधत जावे लागणार नाही.

इलिच यांच्या डोळ्यांपुढचा सायकलस्वार कामावर जाणारा होता, आमच्यासारखा हौशी नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढीने वसईत चालवली ती हीच सायकल: मागे भाजीची पाटी नाहीतर केळीचे घड, हँडलला पिशव्या, आणि पहाटेच्या गाडीची घाई. त्या सायकलीला तत्त्वज्ञानाची गरज नव्हती. पण हौशी सायकललाही एक गोष्ट लाभते: तिच्यावरच्या माणसाला कोणीही थांबवू शकते. ट्रकची वाट पाहणारी बाई मोटारीतल्या माणसाला "मग कशाला?" असे विचारू शकत नाही, विचारायला तोंड उघडेपर्यंत तो आडगाव ओलांडून गेलेला असतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली एक बाब आपल्याकडून सहसा निसटते. जखमी माणूस तिघांनाही दिसला होता. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. फरक दृष्टीत नव्हता, फरक थांबण्यात होता. आणि थांबल्यावर त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले. म्हणजे उरलेली वाट तो स्वतः पायी चालला असणार. जनावरावरचा माणूस पायउतार झाला, त्याचा वेग उतरला. पुढे धर्मशाळेच्या मालकाला त्याने दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन असे सांगितले. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. शोमरोनी तेथे कायमचा राहिला नाही. त्याला पुढे जायचे होते आणि तो गेला. तो वाटसरूच होता आणि वाटसरूच राहिला. वाटसरू असणे हे त्याच्या हातून घडलेल्या धर्माच्या आड आले नाही.

मात्र हा दाखला जसाच्या तसा शेताच्या बांधावर आणून ठेवता येत नाही. कापणी करणारी बाई जखमी होऊन पडलेली नाही. तिला आमच्या दयेची गरज नाही. तिला ढग येण्याआधी भारे घरी न्यायचे आहेत. आपल्या थांबण्याने तिचे काम थांबत असेल, तर तसे थांबणे हा शेजारधर्म नव्हे, ती आपली करमणूक होय. रस्त्यावर सायकल लावून, बांधावर उतरून, वाकलेल्या बायांची न विचारता छायाचित्रे काढणारे मी पाहिले आहेत. तेही थांबलेलेच असतात. तेव्हा नुसते थांबणे पुरेसे नाही. आपण कोणाच्या वेळात थांबलो आहोत, हे ओळखणे आले. आपल्या वेळात तिने आपल्याला थांबवले तर थांबावे, बोलावे, हसू करून घ्यावे. तिच्या वेळात आपण घुसलो असलो तर चहा संपताच उठावे. धाकट्याला मी टपरीवर एवढेच सांगितले. त्याचे पूर्ण समाधान झाले असे वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच्या "ढोंगी" या शब्दातला काटा माझ्याही मनातून पुरता निघालेला नाही.

दिवेआगरपासून शेखाडीमार्गे श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो, की भरतीचे तुषार चाकांवर येतात. श्रीवर्धनला पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. येथली सुपारी 'श्रीवर्धन रोठा' म्हणून नावाजलेली; गावात सुपारी संशोधन केंद्रही आहे. वाड्यांतून जाताना माझे सोबती हरखून गेले. पोफळीची झाडे एका उंचीची, एका जाडीची, ओळीत लावल्यासारखी उभी. "किती शिस्तीत वाढलीयत!" थोरला म्हणाला.

ती शिस्त नव्हती. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढले आणि काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. निरोगी वाडीत आजोबांनी लावलेली झाडे असतात, बापाने लावलेली असतात, नातवाने परवा लावलेले रोपही असते. उंची कमी-जास्त असणे हेच तेथे शाबूतपणाचे लक्षण. आमच्या डोळ्यांना देखणी वाटलेली समान उंची म्हणजे एकाच दिवशी सारे गेल्याची खूण होती. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, नारळाच्या जुन्या जातींना त्याहूनही जास्त. फळबागांसाठी सरकारी मदत जाहीर झाली ती हेक्टरी पन्नास हजार रुपये; आणि वाड्या तर येथे गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठे वाडीच्या मालकाने त्रैराशिक मांडले तर त्याच्या हाती पाच हजार येतात. पडलेली खोडे उचलून वाडी साफ करायलाही ते पुरले नसतील.

ज्या घरी आम्ही उतरलो, त्या घरानेही वाडीच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढलेल्या आहेत. घरची बाई सांगत होती, की पूर्वी खोल्या हा जोडधंदा होता आणि वाडी हा धंदा. वादळानंतर ते उलटे झाले. तिने दर सांगितला. सायकलने फिरणाऱ्या मंडळींमध्ये कमीत कमी खर्चात मुक्काम मिळवण्याची एक चढाओढ असते. कुठे किती घासाघीस केली याच्या कथा नंतर रंगवून सांगितल्या जातात. थोरल्याने सवयीने तोंड उघडले, "मावशी, तिघांचे मिळून..." मी त्याला हाताने थांबवले. दिवसभर जे काही पाहिले आणि बोललो, त्यानंतर सांगितलेला दर न कुरकुरता देणे हे मला कुठल्याही हळहळीपेक्षा अधिक सरळ वाटले. हळहळ फुकट असते. धर्मशाळेच्या मालकालासुद्धा दोन दिनार रोख मोजून दिले गेले होते.

पहाटे पाच वाजता वाडीत पंप सुरू झाला आणि पाटातून पाणी खळाळत जाऊ लागले. आम्ही निघालो तेव्हा बाई आळ्यांपाशी होती, पाय चिखलात. हात पदराला पुसून तिने पैसे घेतले, दोनदा मोजले आणि पन्नास रुपये परत केले. रात्रीचे जेवण दोघांनीच घेतले होते, तिसऱ्याने नुसते ताक घेतले होते, हे तिच्या लक्षात होते.